पोरीसमोर नाही

पप्पा,

तेरवी झाली. पाहुणे गेले. मंडपवाला कनात सोडून घेऊन गेला, अंगणात बांबूंची भोकं तेवढी राहिली आहेत. तुमच्या खुर्चीत कुणी बसत नाही वगैरे काही झालेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मामा बसले, पाय वर घेऊन. मला त्याचं बरं वाटलं.

हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला नीट मांडता आलं असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचलं नसतं. ज्या बोलीत पोचलं असतं ती मला बोलता येत नाही. उरते ती ही मराठी, सहावीत तुम्ही मला टेबलाशी बसवून शिकवलेली, ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल करत करत. ती तुमच्या घरातली नव्हती आणि माझ्या शाळेतली नव्हती. तिच्यात आपण दोघंही पाहुण्यासारखे बसायचो. एकमेकांशी आपण इतकं व्यवस्थित बोललो, ते त्यामुळेच असेल.

तेरवीला सगळ्यांनी तुमच्याबद्दल सांगितलं. सर कसे होते, किती पोरं शिकवली, कुठल्या गावात अजून नाव काढतात. ते सगळं खरं आहे आणि मला त्यात भर घालायची नाही. माझा एक प्रश्न होता. मी तो तुम्हाला विचारला होता आणि तुम्ही उत्तर द्यायचं कबूल केलं होतं. तेवढ्याबद्दलच लिहिते आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आपण आमगावकडचं गाव सोडून गोंदियात खोली घेतली. कारण मी. चार वर्षांची झाले तरी मी धड बोलत नव्हते. बोट दाखवायचे, मान हलवायचे, फार झालं तर एखादा शब्द. इंग्रजी शाळेत नाव घालायला तुम्ही मला घेऊन गेलात. टेबलामागच्या मॅडमनी मला नाव विचारलं आणि मी पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, घरी कुठली भाषा. तुम्ही खरं ते सांगितलंत. घरी पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी.

"सरजी, बच्ची कन्फ्यूज हो रही है," मॅडम म्हणाल्या. "इतनी सारी लँग्वेज! घर में बस इंग्लिश."

हे मला मम्मीनं सांगितलं. ती पुढचंही सांगते आणि सांगताना हसते. सायकलवर मला पुढे बसवून तुम्ही निघालात, आणि रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा झाडाकडे हात करून म्हणालात, "सी. ट्री." मागे कॅरिअरवर मम्मी. तिला वाटलं, तुम्हाला ऊन लागलं.

तुम्हाला इंग्रजी बेताचंच येत होतं. येत होतं तेवढं सगळं तुम्ही मला दिलंत. कम. सिट. ईट. स्लीप. शो मी. व्हेरी गुड. कित्येक वर्षं तुमचं माझ्यावरचं प्रेम हुकुमांच्या रूपात आलं, कारण क्रियापदंच तेवढी होती. त्याचबरोबर घरात नियम झाला. पोवारी बोलायची नाही असं नाही. पोरीसमोर नाही.

आपल्या लोकांनी तो नियम जसा पाळला तसा कुठला सरकारी नियम पाळला नसेल. आत्या यायची, दारातच चपला काढता काढता म्हणायची, "सरच्या घरी येणं म्हणजे तोंडाले कुलूप लावून येणं हाय बाप्पा." लग्नात बायकांचा घोळका बसलेला असायचा. हात चालायचे, तोंड चालायचं, कुणी कुणाच्या मांडीवर थापटी मारून हसत असायची. मी दारात आले की एकजण म्हणायची, "सरची पोट्टी आली व." की सगळ्या गप्प. मग हिंदी सुरू. "आओ बेटा, कौनसी क्लास में हो?"

मी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, त्या माझ्याबद्दलच बोलत असतात.

मूल भाषा कशी शिकतं हे मी पुढे पुस्तकांतून वाचलं. आधी ते नुसतं ऐकतं. कोण कुणाकडे बघून बोलतं, बोलल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, हे बघतं. शब्द त्यातून येतात. मी काय बघितलं असेल? मी खोलीत गेले की बोलणं थांबतं, हे. हळूहळू मी दारातच थांबायला शिकले. शाळेत मला सगळे शाय म्हणायचे. इंग्रजी माझी छान झाली, निबंधांना बक्षिसं मिळाली, एकाचं प्रमाणपत्र तुम्ही फ्रेम करून भिंतीला लावलंत, ते शेवटपर्यंत काढलं नाहीत. पण इंग्रजीत माझ्याशी घरी कोण बोलणार होतं, पप्पा? तुमचे शब्द तिसरीतच संपले.

तुमच्या-माझ्यातलं खरं बोलणं दुसरंच होतं आणि त्याला भाषा लागत नव्हती. जेवण झालं की तुम्ही काडेपेटी उपडी करायचात. काड्या मांडायच्या, दोन हलवून काहीतरी करून दाखवायचं. पाटी घ्यायची, चिंचोके ठेवायचे. तुम्ही कधी सुचवलं नाही, चुकलं तर "नो" म्हटलं नाही. नुसतं बोटानं एकदा टक केलंत की मला कळायचं, इथं परत बघ. मी तासभर बघायचे. तुम्ही पेपर वाचायचात, किंवा वाचतोय असं दाखवायचात. जमलं की तुमच्या भुवया वर जायच्या. जगात मला कुणी इतका वेळ दिलेला नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कुठल्या भाषेत सांगायचं तेच ठरत नव्हतं.

दहा वर्षांची असताना तुम्ही मला तुमच्या शाळेत नेलंत. आपण देवरीची बस घेतली, तिथून पुढे जीप. जंगलातलं गाव, दोन खोल्यांची शाळा, पोरं सगळी गोंडी बोलणारी. तुम्ही वर्गात शिरलात आणि गोंडीत काहीतरी म्हणालात. सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, मान मागे टाकून. मी दारात उभी होते. तुम्हाला तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तुम्ही गोंडी मुद्दाम शिकला होता, पहिल्याच पोस्टिंगला. तुमचे जोडीदार गुरुजी चेष्टा करायचे, "सर, आता मोहफुलं वेचायलेही जान का?" आणि तुम्ही म्हणायचात, पहिलीतलं पोर ज्या बोलीत रडतं त्या बोलीत त्याला शिकवलं पाहिजे, मराठी मग आपोआप मागून येते. हे वाक्य मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे. तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये तुम्हाला ते सांगायला बोलवायचे.

त्या दिवशी तुम्ही फरशीवर खडूनं बोडी काढलीत, आपल्याकडे शेताला पाणी साठवायला असतं तसलं छोटं तळं. चौकोनी बोडी, चार कोपऱ्यांवर आंब्याची चार झाडं. बोडी दुप्पट मोठी करायची. चौकोनीच राहिली पाहिजे. झाड तोडायचं नाही, झाड पाण्यात बुडवायचं नाही. मग तुम्ही वर्गाबाहेर निघून गेलात.

मी मागे आले. "पप्पा, व्हेअर?"

"हँडपंप," तुम्ही म्हणालात. आणि मग, मला इंग्रजीत सांगता येईना म्हणून असेल, माझ्याशी फक्त इंग्रजी हा नेम मोडून मराठीत सांगितलंत. "मास्तर समोर उभा राहिला की पोरं उत्तर शोधत नाहीत, मास्तरचं तोंड शोधतात. उत्तराला वेळ लागतो. तोवर आपण हँडपंप बघायचा."

हँडपंपाला काही झालेलं नव्हतं. तुम्ही दांडा दोनदा हलवलात, पाणी आलं, तोंडावर मारलंत. परत गेलो तेव्हा आत गलका चालला होता. कडेला बसलेली एक मुलगी, केस तेलानं चापून बसवलेली, फरशीच्या धुळीत बोटानं रेघा ओढत होती. तिनं बोडी तिरकी केली होती. झाडं होती तिथंच होती, पण आता ती कोपऱ्यांवर नव्हती, चार काठांच्या मधोमध आली होती. सगळ्यांना ते एकदम दिसलं. तुम्ही तिला विचारलंत, कसं केलंस? तिनं खांदे उडवले. परत विचारलंत, गोंडीत. ती लाजून मान खाली घालून बसली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खुशीत होता. "पाहिलंस? तिच्याजवळ शब्द नव्हता. विचार होता. आधी दिसतं, शब्द मागून येतो."

मी त्यावर बारा वर्षांनी बोलले. नागपूरला मानसशास्त्र शिकायला गेले आणि सुट्टीत घरी आले की आपला हाच वाद. मी म्हणायचे, पप्पा, मूल आधी मोठ्यानं बोलत खेळतं. "आता हे इथं ठेवू, आता हे पडलं." तेच बोलणं हळूहळू आत जातं आणि त्याचाच विचार होतो. त्या मुलीच्या डोक्यात गोंडी चालू होती, तुम्हाला ऐकू आली नाही एवढंच. तुम्ही म्हणायचात, माझ्या डोक्यात तर काहीच चालू नसतं, आणि मग उत्तर असतं. मी म्हणायचे, समजा शब्दाशिवाय विचार झाला, तरी तो दुसऱ्याला कसा देणार? "दाखवायचा," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, सगळंच पाटीवर दाखवता येत नाही. मम्मी भाकरी थापता थापता म्हणायची, "बापलेक कायले भांडून राह्यले? त्या पोरीलेच विचारा ना जाऊन."

त्या वादात माझा दुसराच प्रश्न होता. तो वर यायला मला शेवटच्या दिवाळीपर्यंत वेळ लागला.

तोवर मी नागपूरला एका केंद्रात काम करू लागले होते. उशिरा बोलणारी मुलं तिथं येतात. आईबाप पहिला प्रश्न तोच विचारतात. मॅडम, घरी कुठली भाषा बोलायची? शाळावाले म्हणतात एकच बोला. मी त्यांना सांगते, दोन-तीन भाषांनी मूल गोंधळत नाही. ते आपोआप वेगळं करतं, आजीची कुठली, दुकानदाराची कुठली. उशिरा बोलायची कारणं वेगळी असतात. तुम्ही ज्या बोलीत हसता, भांडता, तीच बोला त्याच्याशी. हे मी शांतपणे सांगते. एकदा गोंदियाजवळच्या गोरेगावकडचा एक बाप आला होता, आपल्यातलाच. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमी तर पोवारच ना? तुमाले येते?" मी म्हटलं, कळते.

तशी कळते, पप्पा. हिंदी आणि मराठी येणाऱ्याला पोवारी बरीचशी कळतेच. पण कळणं म्हणजे काचेतून बघणं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की माझ्याजवळ काही नसतं.

दिवाळीत तुम्ही शिंगाडे सोलत बसला होता. मी समोर बसले.

"पप्पा, एक विचारू?"

"विचार."

"देवरीत तुम्ही परक्यांच्या पोरांसाठी गोंडी शिकलात. पोर ज्या बोलीत रडतं तिच्यात शिकवायचं म्हणालात. सगळ्या तालुक्याला सांगितलंत. मग माझ्या वेळी काय झालं?"

तुमची सुरी थांबली. स्वतःबद्दल मी एवढं सलग तुमच्याशी कधी बोलले नव्हते. मम्मी आतून डोकावली आणि परत गेली. तुम्ही एक शिंगाडा पुरता सोललात, त्याची दोन्ही शिंगं बाजूला काढलीत, आणि पांढरा गर माझ्या ताटलीत ठेवलात.

"ईट."

हा आपला जुना विनोद झाला होता. मी हसले नाही.

"याचं उत्तर आहे," तुम्ही म्हणालात. "पण ते मला नीट मांडू दे. घाईत सांगितलं तर चुकीचं सांगीन. होळीला येशील ना?"

"म्हणजे तुम्ही आता वर्गाबाहेर जाणार."

तेव्हा तुम्ही हसलात. देवरीसारखं नाही, पण हसलात. "हो. जरा हँडपंप बघून येतो."

संक्रांतीनंतर तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, समजत असावं बहुतेक सगळं, बोलण्याचा भाग गेला आहे. किती परत येईल सांगता येत नाही. लहान मुलांना बोलतं करणं वेगळं आणि झटक्यात गेलेलं बोलणं परत आणणं वेगळं, हे नातेवाइकांना काय कळणार? मामा सरळ म्हणाले, "तू हेच शिकली ना व? बोलव मंग बापाले." मी तुम्हाला बोलतं करू शकेन असं मलाही वाटलं. मी रजा काढली. चित्रांची कार्डं आणली. गाय, कप, छत्री. तुमच्यासमोर एकेक धरायचे आणि थांबायचे. तुम्ही मला जेवढा वेळ दिला होता तेवढा सगळा मी तुम्हाला दिला, पप्पा. खरंच दिला. कार्ड धरून खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे तुम्ही माझं तोंड शोधू नये. तुमचे ओठ जुळायचे, सुटायचे. एक हवा यायची. मग तुम्ही डाव्या हातानं कार्ड माझ्या हातून घ्यायचात आणि पालथं ठेवायचात, हळूच. पोरानं चुकीचं उत्तर दिलं की पाटी तशीच पालथी ठेवायचात तुम्ही.

एका दुपारी मला राहवलं नाही. मी जुनी पाटी काढली, चौकोन काढला, चार कोपऱ्यांवर चार चिंचोके ठेवले. काही बोलले नाही. खडू तुमच्या डाव्या हातात दिला. तुम्ही पाटीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि थरथरत्या वेड्यावाकड्या रेघांनी तिरका चौकोन काढलात, चारही चिंचोक्यांना चिकटून. मग भुवया वर केल्यात. उजवी वर गेली नाही, डावी गेली.

तुम्ही वाद जिंकला होता. सगळा विचार आत जागच्या जागी होता, झाडांसारखा. आणि मीही जिंकले होते, कारण त्यातला कणभरही तुम्हाला मला देता येत नव्हता. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच कुठंतरी होतं, मांडून तयार. मी पाटी पुसली आणि मोरीत जाऊन पाणी सोडून उभी राहिले.

उन्हाळ्यात आत्या आली. मी मागे कपडे धूत होते. समोरच्या खोलीतून पुरुषाचा आवाज येऊ लागला. खाली, अडखळत, पण एकामागून एक येणारे शब्द. मला वाटलं कुणी भेटायला आलं असेल. मग आत्या हसली आणि तो आवाजही हसला, आणि माझ्या हातातून चादर सुटली. तुम्ही होता. पोवारीत बोलत होता. तुटकं होतं, मधे मधे गाळलेलं होतं, पण वाक्यं होती.

मी ओल्या हातानं दारात आले. तुम्ही थांबलात. नळ बंद करावा तसे. शाळेत साहेब आल्यावर वर्ग सावरून बसतो, तसे उशीला टेकून सावरून बसलात.

आत्या माझ्याकडे बघून एकदम मराठीत म्हणाली, "कपडे झाले का व?"

मी मम्मीला स्वयंपाकघरात गाठलं. "पप्पा बोलतात?"

"बोलते ना. आमच्यासंग बोलते थोडंथोडं."

"कधीपासून?"

"झाला असन महिना. तुह्यासमोर नाही बोलत."

"मला सांगितलं का नाहीस?"

मम्मीनं पदरानं हात पुसले. "मले वाटलं, तू शिकली हायेस, तुले समजत असन. आन् तो नियम तुले काय नवा हाय?"

झटक्यानं तुमची मराठी नेली, हिंदी नेली, तुमची ती गोंडीही नेली. सगळ्यात खालचं राहिलं होतं तेवढं उरलं. पहिली बोली कधीकधी अशी उरते, मी वाचलं होतं. जे उरलं ते माझ्यासमोर बोलायचं नाही, हेही त्याच्याबरोबर उरलं, हे मात्र मी कुठं वाचलं नव्हतं. इतक्या मोडतोडीत तुमचा तो नियम शाबूत राहिला.

मी तुमच्याजवळ येऊन बसले. मराठीत म्हटलं, पप्पा, मला कळतं. पोवारीच बोला, काही होत नाही आता. तुम्ही माझ्या केसांवर हात ठेवलात. मग मी आत्याकडून एक वाक्य शिकले. माझ्याशी बोला, एवढंच. ते इथं लिहीत नाही, लिहिताना चुकेल. आत्यानं माझ्याकडून घोकून घेतलं, "अवो, तशी नाही, इंग्रजावानी बोलून राहिली तू," म्हणून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. दुसऱ्या सकाळी तुमचा चहा झाल्यावर मी ते वाक्य म्हटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, तुमच्या आईच्या बोलीत, तुमच्याशी.

तुमचा चेहरा लाल झाला. डावा हात तुम्ही जोरानं हलवलात, कप पडला.

"नो," तुम्ही म्हणालात. स्पष्ट. मग आणखी जोर लावून, "इंग्लिश."

इतक्या महिन्यांत तुम्ही माझ्याशी बोललेले पहिले शब्द. नोंद करून ठेवावी असे. मी कपाचे तुकडे गोळा केले.

त्यानंतर मी खूप विचार केला आहे. तुम्हाला लाज वाटायची का? तुम्ही दहावीला गोंदियात शिकायला आलात तेव्हा कुणी हसलं होतं का? आत्याला विचारलं तर म्हणते, "नाही व, त्याले कोण हसणार, तो तर हुशार." मी कुठं अडकू नये म्हणून? की दुसऱ्याच्या पोराबद्दल जे धाडस होतं ते स्वतःच्या पोराबद्दल झालं नाही? झटक्यानंतर तुम्ही तिच्याशी काय बोलायचात, तेही आत्याला विचारलं. "बैलाइच्या गोष्टी. बोडीत पोहायच्या. दुसरं काय?" मी यातलं एखादं कारण धरून बसू शकते. पण ते माझं उत्तर होईल. मास्तरचं तोंड बघून काढलेलं, आणि तेही आता बघायला नाही.

रजा संपली. नागपूरची बस पकडायची होती त्या सकाळी मी बॅग घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. मम्मीनं ताट वाढलं होतं आणि मी नको म्हणत होते, उशीर होतोय. तुम्ही ताटाकडे बोट केलंत.

"ईट," म्हणालात.

मी उभ्यानं दोन घास खाल्ले. मला वाटलं, पुढच्या शनिवारी येऊ. शनिवारी मी आलेच, पण तोवर तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं.

मला तुम्ही पुष्कळ दिलंत. थांबणं दिलंत. आज माझ्यासमोर एखादं न बोलणारं मूल बसतं तेव्हा मी खिडकीबाहेर बघते आणि ते हळूहळू खेळण्याकडे सरकतं. आईबापांना वाटतं हे मी कॉलेजात शिकले. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, हे खरं आहे. पण त्यानं काही भरून येत नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि तुमच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

तेरवीच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका मागच्या ओसरीत बसल्या. आत्या, काकू, गावाकडच्या सगळ्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तुमच्या लहानपणाची गोष्ट चालली होती, पोवारीत. तुम्ही सात-आठ वर्षांचे असाल. कुणाच्या तरी शेतात शिरलात, मागे कुत्रं लागलं, आणि तुम्ही बोडीत उडी मारलीत. मला सगळं कळत होतं. मी ट्रे घेऊन दारात आले.

"पोट्टी आली व," काकू म्हणाल्या.

गोष्ट थांबली. आत्यानं सरकून जागा केली. "ये बाई, बस. कितीक रोज हाय रजा?"

मला म्हणायचं होतं, थांबू नका. आता चालेल. ज्यांच्यासाठी थांबत होता ते गेले. पण हे कुठल्या भाषेत म्हटलं असतं तरी म्हणणारी मीच होते. मी कप दिले, रजा किती ते सांगितलं आणि आत आले.

आत आल्यावर ओसरीत गोष्ट पुन्हा सुरू झाली. तुम्ही पाण्यात होता, कुत्रं काठावर होतं. मी उरलेले कप न वाजवता ओट्यावर ठेवले आणि भिंतीला टेकून उभी राहिले, मी ऐकते आहे हे कळू नये म्हणून. मग आत्यानं आवाज खाली केला, अगदी खाली, आणि सगळ्या एकदम हसल्या.

तुम्ही बोडीतून बाहेर कसे आलात, ते मला कळलं नाही.